वडिलांच्या पोटातील २३ सेंटीमीटरची गाठ : आधी बायोप्सी की थेट शस्त्रक्रिया?

कोलशेतकर, ठाणे

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधील कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांचे पोट सुटू लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी ते थट्टेवारी नेले. पोट वाढत असताना दंड आणि मांड्या मात्र बारीक होत चालल्या आहेत, हे आईच्या लक्षात आले आणि तिच्या आग्रहामुळेच आम्ही सोनोग्राफी केली. त्यानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या डाव्या बाजूस, आतड्यांच्या मागे, २३ × १७ × १४ सेंटीमीटरची गाठ दिसली. ती बहुतांशी चरबीची असून तिच्या खालच्या भागात सहा सेंटीमीटरचा घट्ट भाग आहे आणि डावे मूत्रपिंड तिने पुढे ढकलले आहे, असे अहवालात लिहिले आहे. बाबांना दुखत काहीच नाही. जेवताना लवकर पोट भरते, एवढीच त्यांची तक्रार आहे.

घराजवळच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी बारीक सुईने पेशी घेऊन तपासणी केली. त्यात "परिपक्व चरबीच्या पेशी, लायपोमा" असा निष्कर्ष आला. ही साधी चरबीची गाठ आहे, मूत्रपिंडाला हात न लावता ती सोडवून काढता येईल, असे सांगून त्यांनी येत्या गुरुवारची तारीख दिली आहे. दुसऱ्या एका कर्करोग शल्यचिकित्सकांनी मात्र पुन्हा जाड सुईची बायोप्सी करावी लागेल आणि शस्त्रक्रियेत बहुधा डावे मूत्रपिंड व मोठ्या आतड्याचा काही भागही काढावा लागेल, असे सांगितले. या सगळ्याला तीन ते चार आठवडे लागतील. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की गाठीला सुई टोचली की ती पसरते, आणि चांगले चालणारे मूत्रपिंड काढू देणे हा शुद्ध वेडेपणा आहे. गुरुवार चार दिवसांवर आला आहे. या विषयाची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, वाशी

आपल्या प्रश्नातील "परिपक्व चरबीच्या पेशी, लायपोमा" या शब्दांपाशी मी अडखळले, म्हणून इतर सर्व बाजूला ठेवून आधी त्याविषयी लिहिते.

त्वचेखालची लायपोमाची गाठ आपण दंडावर, पाठीवर रोज पाहतो. उदरपोकळीच्या मागे, ज्या जागेत मूत्रपिंडे, मोठ्या रक्तवाहिन्या आणि कमरेचे स्नायू असतात, तेथे मात्र खरा लायपोमा अत्यंत दुर्मीळ असतो. त्या जागेतील चरबीची मोठी गाठ दुसरे काही सिद्ध होईपर्यंत लायपोसार्कोमाच, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोगच, समजावी, असे आम्हाला शिकवले गेले आणि मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवत आले. अडचण अशी की, या आजाराचा जो सौम्य प्रकार आहे, वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा, त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली साध्या चरबीसारख्याच दिसतात. बारीक सुईत आलेल्या चार पेशींवरून त्यांत भेद करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. त्यामुळे अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी जे पाहिले ते खरेच लिहिले असेल, पण त्यावरून काढलेल्या निष्कर्षावर शस्त्रक्रिया ठरवणे योग्य होणार नाही.

भेद करता येतो तो जनुकीय तपासणीने. या आजारात बाराव्या गुणसूत्रावरील एमडीएम२ या जनुकाच्या प्रती फार मोठ्या प्रमाणात वाढलेल्या असतात, साध्या लायपोमात त्या वाढत नाहीत. फिश नावाच्या तपासणीने हे दिसते. तिच्यासाठी ऊतीचा तुकडा लागतो, म्हणजेच जाड सुईची कोअर बायोप्सी लागते.

त्याहून महत्त्वाचा आहे तो सहा सेंटीमीटरचा घट्ट भाग. चरबीच्या गाठीत असा भाग दिसला की तेथे आजाराने आक्रमक रूप घेतले असण्याची, म्हणजे डीडिफरन्शिएटेड लायपोसार्कोमाची, शंका घ्यावी लागते. सुई नेमकी त्या भागात गेली पाहिजे. भोवतालच्या चरबीतून दहा तुकडे घेतले तरी उत्तर चुकीचेच येईल. म्हणून ही बायोप्सी सीटीवर पाहत, रुग्णाला पालथे किंवा कुशीवर झोपवून, पाठीच्या अथवा कमरेच्या बाजूने करतात. पोटाच्या पुढच्या बाजूने, आतड्यांच्या पोकळीतून सुई नेत नाहीत. बाहेरची नळी एकदाच आत बसवून तिच्यातूनच चार-पाच तुकडे घेतले जातात, त्यामुळे वाटेतील ऊतींना सुईचा पुन्हा पुन्हा स्पर्श होत नाही. या पद्धतीने केलेल्या बायोप्सीच्या मार्गावर आजार रुजण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आढळले आहे. वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पोट उघडून किंवा दुर्बिणीने गाठीचा तुकडा काढला, तर पेशी पोकळीत सांडण्याचा धोका खरोखरच असतो. पण तो धोका सुईच्या बायोप्सीला चिकटवणे बरोबर नाही.

आणखी एक कारण आहे. त्याच जागेत लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, होतो, वृषणाच्या पेशींपासून उद्भवणारी अर्बुदेही होतात. या दोन्हींचा मुख्य उपचार औषधांचा आहे, आणि निदानाविना पोट उघडले गेल्याची प्रकरणे मी माझ्या टेबलावर पाहिली आहेत. आपल्या वडिलांच्या गाठीत भरपूर चरबी असल्याने तसे असण्याचा संभव कमी आहे, तरीही नियम नियमच असतो.

पूर्वीच्या तपासणीच्या स्लाइड्स ताब्यात घ्या. त्या आपल्या हक्काच्या आहेत.

ऐरोलीची लेक

वरील उत्तर मला २०१७ साली मिळाले असते, तर आज आमच्या घरची गोष्ट वेगळी असती.

माझ्या आईला अशीच गाठ होती, उजव्या बाजूला. एका नर्सिंग होममध्ये लायपोमा म्हणून शस्त्रक्रिया झाली. गाठ मोठी होती आणि छेद लहान ठेवायचा होता, म्हणून ती तीन-चार तुकड्यांत बाहेर काढली. आम्हाला ते कौशल्यच वाटले. मूत्रपिंड वाचले म्हणून आम्ही पेढेही वाटले, हे आता लिहितानाही अवघडल्यासारखे होते. अहवालात लायपोमा असे लिहून आले, पुन्हा स्कॅन करण्यास कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. २०२० च्या हिवाळ्यात तिला कंबरेत जडपणा जाणवू लागला. तेव्हा एकाच्या जागी तीन गाठी होत्या, त्यांपैकी एक यकृताच्या खालच्या कडेला टेकलेली. पहिल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे, म्हणजे जुने ब्लॉक, शोधून पुन्हा तपासून घेतले, तेव्हा तो पहिल्यापासूनच लायपोसार्कोमा होता असे निष्पन्न झाले.

दुसरी शस्त्रक्रिया परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाली, ती नऊ तास चालली. पहिल्या वेळी वाचवलेले मूत्रपिंड गेलेच, शिवाय मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि कमरेच्या आतील स्नायूचा काही अंशही गेला. तेथील डॉक्टरांनी एक गोष्ट चित्र काढून समजावली, ती मला पटली : पहिल्या वेळी गाठीभोवतीचे पडदे शाबूत असतात, त्यामुळे कोठून शिरावे हे स्पष्ट दिसते. एकदा कोणी आत जाऊन आले की सर्व काही एकमेकांना चिकटते आणि सीमारेषाच उरत नाही. मूत्रपिंड वाचवावे की नाही, हा प्रश्न घरच्यांनी भावनेने सोडवण्यासारखा नाही, एवढेच मी म्हणेन. आईला उजव्या मांडीच्या पुढच्या बाजूस आजही बधिरपणा आहे, जिना चढताना ती कठड्याला धरते. बाकी ती स्वतःचे सर्व करते. दर सहा महिन्यांनी सीटी असतो, आणि त्याच्या आधीचा आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

खर्चाविषयी आपण विचारले नाही, तरी लिहिते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि ही शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, हे तेथील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारावे. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावांत फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या, आमचे चार दिवस त्यातच गेले. आपण ठाण्यात राहता ही मोठी सोय आहे. परळला आमच्या शेजारच्या खाटेवरील कुटुंब बुलढाण्याहून आले होते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होते, आम्ही मात्र संध्याकाळच्या लोकलने घरी येत होतो.

नेरूळ सेक्टर अकरा

माझा अनुभव उलट दिशेचा आहे, म्हणून थोडक्यात मांडतो. पत्नीला दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत सात सेंटीमीटरची कठीण गाठ लागली. आम्ही सर्वजण "काढून टाका" म्हणत होतो. कोअर बायोप्सीत डेस्मॉइड निघाले. ही गाठ शरीरात दूरवर पसरत नाही, पण आजूबाजूला शिरते आणि काढल्यावरही परत येऊ शकते. पूर्वी ती लगेच कापत असत. आता प्रथम केवळ लक्ष ठेवावे, असा जागतिक संकेत आहे, कारण काही गाठी वाढायच्या थांबतात तर काही आपोआप आक्रसतात. आम्ही दोन वर्षे दर काही महिन्यांनी एमआरआय करत आलो. गाठ आता चार सेंटीमीटरची आहे आणि पोटावर एकही टाका नाही.

आपल्या वडिलांची गाठ डेस्मॉइड आहे, असे मी सुचवत नाही. बायोप्सीमुळे आमच्या घरी संपूर्ण उपचारच बदलला, एवढेच सांगायचे होते.

कर्करोग शल्यचिकित्सक, सध्या नवी मुंबईत

मी रुग्णाला तपासलेले नाही आणि स्कॅन पाहिलेला नाही, त्यामुळे हे लेखन सल्ला नव्हे, डॉक्टरांना काय विचारावे यासाठीची तयारी समजावी. बायोप्सीविषयी वाशीच्या डॉक्टरबाईंनी लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. मूत्रपिंडाचा प्रश्न मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक वाद मी याच मुद्द्यावर ऐकतो.

मांडीत सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींचा कर्करोग, झाला तर शल्यचिकित्सक गाठीसोबत तिच्याभोवतीच्या निरोगी स्नायूचे एक-दोन सेंटीमीटर जाडीचे आवरणही काढतो, म्हणजे गाठीच्या कडेला लपलेल्या पेशी मागे राहत नाहीत. उदराच्या मागे असे आवरण द्यायला जागाच नसते. गाठीच्या एका अंगाला मूत्रपिंड, पुढे मोठे आतडे, मागे कमरेचा सोआस स्नायू, वर प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट, अशी सर्व बाजूंनी अवयवांची भिंत असते. आवरण म्हणून काही काढायचे असेल तर हे अवयवच काढावे लागतात. शिवाय चरबीचा सार्कोमा मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीतच वाढतो, आणि तेथे रोगट चरबी कोठे संपते व निरोगी चरबी कोठे सुरू होते, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. "मूत्रपिंड सोडवून घेतले" याचा अर्थ पुष्कळदा त्याच्याभोवतीची संशयास्पद चरबी शरीरातच ठेवली, असा होतो.

हा विचार २००९ साली फ्रान्स आणि मिलान येथील गटांनी प्रसिद्ध केलेल्या दोन अभ्यासांमुळे पुढे आला. बाधित न दिसणारे शेजारचे अवयवही गाठीसह एकसंध काढले असता पोटात आजार परत येण्याचे प्रमाण घटते, असे त्यांत दिसले. हे अभ्यास आधी होऊन गेलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून केलेले होते, दोन पद्धतींची चिठ्ठ्या टाकून तुलना आजवर झालेली नाही, आणि निरोगी अवयव काढण्यावर त्या वेळी कडक टीकाही झाली. तरीही जगातील अनुभवी केंद्रे आज लायपोसार्कोमासाठी बहुधा याच मार्गाने जातात. सरसकट सर्वच काढतात असे मात्र नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, स्वादुपिंडाचे डोके, मोठ्या रक्तवाहिन्या आणि मांडीला बळ देणारा फिमोरल मज्जातंतू हे प्रत्यक्ष आत आजार शिरल्याखेरीज काढत नाहीत, कारण त्यांची किंमत फार मोठी असते. गाठीचा प्रकार बदलला की हिशेबही बदलतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतून उगवणाऱ्या लायोमायोसार्कोमात वाहिनीचा भाग काढावा लागतो, पण शेजारचे मूत्रपिंड शक्य असेल तेथे वाचवतात. तो पोटात परत येण्यापेक्षा फुप्फुसांत आणि यकृतात जाण्याची भीती अधिक असते.

काढलेल्या मूत्रपिंडात आजार नव्हता असा अहवाल आल्यावर नातेवाइकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. ते मूत्रपिंड कुंपण म्हणून काढलेले असते. दुसरे मूत्रपिंड चांगले असेल तर एकावर माणूस नीट जगतो, मूत्रपिंडदान करणारे लाखो लोक तसेच जगत आहेत. म्हणून आधी डीटीपीए स्कॅन करून प्रत्येक मूत्रपिंडाचा कामातील वाटा मोजतात. केवळ रक्तातील क्रिएटिनिनवर विसंबत नाहीत.

ही शस्त्रक्रिया मोठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील आठ अनुभवी केंद्रांतील १००७ रुग्णांमध्ये सुमारे १६ टक्के जणांना गंभीर गुंतागुंत झाली आणि ३० दिवसांत सुमारे २ टक्के रुग्ण दगावले. हे आकडे रोज हे काम करणाऱ्या हातांचे आहेत. म्हणून "आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?" हा प्रश्न उद्धट मानू नये.

किरणोपचाराविषयीही विचारा. २६६ रुग्णांवरील स्ट्रास नावाची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी २८ मात्रांत विभागून ५०.४ ग्रे किरण दिल्याने एकंदर रुग्णांना लाभ झाला नाही, लायपोसार्कोमाच्या सौम्य प्रकारांत थोडा लाभ असावा असे उपविश्लेषणात दिसले. द्यायचेच तर आधी द्यावे, कारण गाठ आत असताना ती आतड्यांना दूर ढकलून ठेवते. गाठ निघाल्यावर आतडी त्या रिकाम्या जागेत उतरतात आणि किरण त्यांच्यावरच पडतात.

तीन-चार आठवड्यांनी फार बिघडेल का, तर बहुधा नाही. ही गाठ एवढी होण्यास अनेक महिने, कदाचित वर्षे लागली असतील. आतडे अडकणे, रक्तस्राव, असह्य वेदना, श्वास अपुरा पडणे यांपैकी काही झाले तर मात्र थांबू नये. त्या आठवड्यांचा उपयोगही होतो : छातीचा सीटी, हृदयाची तपासणी, दर दोन तासांनी थोडे थोडे पण प्रथिनयुक्त खाणे, रोज चालणे आणि तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर श्वासाचा सराव. प्लीहा काढण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी द्याव्या लागतात, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

कोलशेतकर, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऐरोलीच्या ताईंचा अनुभव मी आईला आणि काकांना वाचून दाखवला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच बाबांना सांगितले की गुरुवारची तारीख रद्द करू या. रुग्णालयात फोन केला तेव्हा डॉक्टर थोडे नाराज झाले, पण स्लाइड्स आणि स्कॅनची सीडी द्यायला तयार झाले.

आता दोन शंका आहेत. परळला जावे की खारघरला? आणि बायोप्सीत आजार सौम्य निघाला, तर केवळ तो घट्ट भाग काढून बाकीची चरबी ठेवता येईल का? बाबांनी हा प्रश्न स्वतः विचारायला सांगितला आहे.

कर्करोग शल्यचिकित्सक, सध्या नवी मुंबईत

खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचेच केंद्र आहे आणि ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने खारघर स्थानकापर्यंत थेट पोहोचता येते. पण कोणत्या आजाराचा बाह्यरुग्ण विभाग कोठे, कोणत्या दिवशी चालतो, हे नोंदणीच्या वेळी विचारून घ्या आणि ते जेथे पाठवतील तेथे जा. अशा केंद्रात शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात, ती बैठक इमारतीपेक्षा महत्त्वाची. सीडी सोबत न्याच. कागदी अहवालावरून शस्त्रक्रिया आखता येत नाही.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की अर्धी गाठ काढण्याचा सहसा लाभ होत नाही. चरबीसारखा दिसणारा भाग हाही आजारच असतो आणि पुढे त्यातूनच नवा घट्ट भाग उगवू शकतो. फार वयस्क किंवा मोठी शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रुग्णात, केवळ दाब कमी करण्यासाठी असे क्वचित करतात. बाबा ६३ वर्षांचे असून चालते-फिरते आहेत, त्यांच्यासाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत सर्व आजार एकसंध काढण्याचा प्रयत्न व्हावा. त्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन असतात, पुढे अंतर वाढते, पण पाच वर्षांनी थांबवत नाहीत. हा आजार दहा वर्षांनीही परतल्याचे पाहिले आहे.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, वाशी

एक राहिले. बायोप्सीच्या अर्जावर "घट्ट भागातून तुकडे घ्यावेत" असे शल्यचिकित्सकांकडून स्पष्ट लिहून घ्या, आणि फिशसाठी पुरेशी ऊती शिल्लक ठेवण्यास सांगा. फिशचा अहवाल साध्या अहवालानंतर काही दिवसांनी येतो. पहिला कागद हातात आला की तपासणी संपली, असे समजून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका.